देवाच्या गुळाची कोठी

निपाणीहून बैलगाडीने वेदगंगेकाठच्या त्या गावी निघालो, तेव्हा गुऱ्हाळे ऐन भरात होती. मला पाहायची होती तिथली जुनी दगडी कोठी. गावातल्या प्रत्येक गुऱ्हाळाचा दहावा रवा (गुळाची मोठी ढेप) पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने इथे जमा होई. नाव देवाचे, विकून खाणारे इनामदार!

उंच जोत्यावरची ही गावातली एकमेव दगडी इमारत. देवस्थानच्या कारभाऱ्यांनी मोठ्या अभिमानाने भिंतींची जाडी दाखवली. दार मात्र अलीकडचे दिसले.

"जुनं गावगुंडांनी फोडलं," ते म्हणाले. "देवाच्या घरावर कुऱ्हाड घातली हो!"

बाहेर येताच गाडीवान भीमाप्पा पुटपुटला, "गुंड न्हवं, रावसाहेब. माझी आक्का." आणि तो मला थेट तिच्या घरी घेऊन गेला.

तानाक्कांनी भाकरी, खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि गूळ पुढे ठेवला. मग शांतपणे सांगू लागल्या. एका श्रावणात नदी गावात शिरली. मातीची घरे बसली. सारे गाव कोठीच्या जोत्यावर जमले. त्यात त्यांची सून, कळा देत असलेली. तेव्हाचा कारभारी दार अडवून उभा.

"म्हनतोय कसा, दार उघडलं तर वल शिरंल, गुळाला पानी सुटंल. देवाचा माल हाय. म्या म्हनलं, देवाला आमी समजावतो, तू कुलूप काढ. न्हाय काढलं. दिसभर पावसात बसलो. मग म्याच कुऱ्हाड घेतली."

"आणि सून?"

"नात जगली. सून न्हाय. लई भिजलती."

पुढे दाराचा दंड गावाने भरला, आणि तानाक्कांना देवळाची पायरी बंद झाली.

"अजून?" मी विचारले.

"व्हय, अजून."

निघताना कारभारी प्रसादाचा गूळ घेऊन गाडीपाशी आले. मी तो परत केला आणि तानाक्कांना देवळात का येऊ देत नाही, असे गाडीभोवती जमलेल्या सर्वांदेखत विचारले.

"देवस्थानची शिस्त आहे," ते म्हणाले.

"माणसं बुडताना दार लावून घेणं, हीसुद्धा शिस्तच का?"

ते गूळ घेऊन वळले. भीमाप्पाने बैल हाकले.

पुण्यास परतल्यावर मित्रांनी कोठीचे बांधकाम कसे आहे, ते विचारले. मी म्हणालो, फार पक्के आहे. बाहेर जोत्यावर एक अवघडलेली बाई दिवसभर भिजली आणि त्यातच गेली; तोवर आत गूळ कोरडा राहिला.