सातवा ग्रह कुणी चुकवला

"ते उभं कडं आधी पुसा, दिनकरभाऊ. उद्या सकाळी पाहुणे येतायत."

मी खालून ओरडलो. दिनकरभाऊ शिडीवर होते. शाळेच्या भिंतीवर त्यांनी सातवा ग्रह रंगवला होता. फिकट, निळसर-हिरवा. शनीला असतं तसं त्यालाही एक बारीक कडं काढलं होतं, पण आडवं नाही, वरून खाली उभं. आणि शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'युरेनस'. त्याखाली बारीक, 'हर्षल'.

माझ्या आर्टवर्कमध्ये यातलं काहीच नव्हतं.

आधी माझा धंदा सांगतो. मी लोणावळ्यात बोर्ड बनवतो. दुकानांच्या पाट्या, बंगल्यांची नावं, रिसॉर्टचे बाण. लोणावळ्यात जितकी चिक्कीची दुकानं 'ओरिजिनल' आहेत, त्यातले निम्मे 'ओरिजिनल' आमच्या दुकानातून गेलेत. अलीकडे कंपन्यांची कामं येतात. कंपनीला समाजासाठी काहीतरी करायचं असतं, मग ती खेड्यातल्या शाळेची भिंत रंगवून देते. मी आधी कॉम्प्युटरवर चित्र करतो, त्याला आर्टवर्क म्हणतात. ते क्लायंटला पाठवायचं. क्लायंटने 'अप्रूव्ड' असं उत्तर दिलं की पेंटरने जसंच्या तसं भिंतीवर उतरवायचं. अप्रूव्हलनंतर स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही, हा माझा नियम. या नियमाचा मला फार अभिमान होता.

वडिवळ्याच्या पुढे एका वस्तीवरची ही शाळा. विषय सूर्यमाला. आर्टवर्क मी एका बैठकीत उरकलं होतं. इंटरनेटवर एक तयार चित्र सापडलं, ते घेतलं, कंपनीचा लोगो टाकला आणि दिलं पाठवून. ती वेबसाइट हिंदी होती. हिंदीत युरेनसला अरुण म्हणतात आणि नेपच्यूनला वरुण. नावं देवनागरीत होती, वाचता येत होती, म्हणजे मराठीच असणार असं मी धरून चाललो. कंपनीच्या कानिटकर मॅडमनी लोगो थोडा मोठा करायला सांगितला आणि अप्रूव्हल दिलं. ग्रहांकडे त्यांनीही बघितलं नाही, मीही नाही.

बघितलं ते फक्त दिनकरभाऊंनी.

दिनकरभाऊ टाकवे बुद्रुकचे. साठी उलटलेली. देवळाच्या कळसापासून टेम्पोच्या फाळक्यापर्यंत सगळं हाताने रंगवलेला माणूस. अक्षर असं की छापील वाटावं. सुतळी, खिळा आणि खडू घेऊन गोल काढायचे, तो भिंतीवर मीटरभर व्यासाचा असला तरी कुठे पोट सुटायचं नाही. त्यांची एक खोड होती. जे रंगवायचं ते आधी समजून घ्यायचे. दवाखान्याची पाटी असली तर डॉक्टरला विचारायचे, 'अस्थी म्हंजी हाडंच ना?' मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

इथेही त्यांनी शाळेच्या शेलारबाईंकडून पुस्तक मागून घेतलं होतं. बाई तिथेच उभ्या होत्या, पुस्तक छातीशी धरून.

"शेठ," दिनकरभाऊ शिडीवरूनच म्हणाले, "अरुण म्हंजी सूर्याचा सारथी. ह्यो तो न्हाई. पुस्तकात युरेनस हाय. आमचे चुलते पंचांग बघायचे, ते ह्याला हर्षल म्हनायचे. पत्रिकेत बगा, हर्षलच आसतंय."

"हर्षल माझ्या साडूचा मुलगा आहे. पिंपरीत टायर विकतो," मी म्हणालो. हाताखालची दोन माणसं हसली. मला चेव आला. "आणि शनीचं कडं उचलून याला उभं चिकटवलंत ते? ग्रह आहे की रहाटगाडगं?"

"त्याला कडी हायेत, शेठ. लय बारीक. आन ह्यो गडी कुशीवर झोपलाय. बाकीचे भवऱ्यावानी उभे फिरत्यात, ह्यो आडवा लोळतोय. मंग कडं उभंच दिसनार की."

"सर, खरं आहे ते," बाई हळूच म्हणाल्या. "पुस्तकात..."

"बाई, अप्रूव्हल आलंय," मी म्हणालो, जणू ते सुप्रीम कोर्टातून आलं होतं.

"पोरं ह्यावरनं शिकत्याल," दिनकरभाऊ म्हणाले.

आणि मी म्हणालो, "शिकवायला बाई आहेत. तुम्ही रंग मारा."

हे वाक्य मी आजही कुणाला सांगताना मान खाली घालतो. मागच्या आकाशाच्या रंगाचा हात मारून दिनकरभाऊंनी कडं बुजवलं. युरेनस पुसलं, हर्षल पुसलं, अरुण लिहिलं. अक्षर तेवढंच सुंदर.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. फीत, नारळ, मुलांचं स्वागतगीत. कानिटकर मॅडम आल्या, सोबत त्यांचे प्लांटचे मोठे साहेब. दिनकरभाऊ एका कोपऱ्यात उभे होते, कुठे टचअप लागलं तर म्हणून ब्रश आणि डबा घेऊन. मॅडम हौसेने म्हणाल्या, "एखादी मुलगी ग्रह वाचून दाखवेल का?"

सातवीतली एक चुणचुणीत पोर छडी घेऊन पुढे आली. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, असं धडाधडा म्हणत गेली. मागून सगळा वर्ग तिच्याबरोबर. सातव्याला वर्ग एका सुरात ओरडला, "युरेनस!" आणि ती छडी टेकवून थांबली.

"मॅडम, हे अरुण कोण?"

मुलं खिदळली. मागच्या रांगेत एक अरुण नावाचा मुलगा बसला होता, तो लाजून लाल झाला. मोठे साहेब हसले नाहीत. त्यांना आकाशदर्शनाचा नाद होता, हे मला तेव्हा कळलं. ते भिंतीजवळ गेले.

"हे हिंदी नाव आहे," ते म्हणाले. "आणि या ग्रहाची गंमत हीच की तो आडवा पडलेला असतो. कडी उभी दिसतात. इथे तर कडीच नाहीत."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या. "हे कुणी केलं?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी.

मी म्हणालो, "पेंटर हो, मॅडम. जुना माणूस आहे. मनाने काहीतरी करतो, ऐकत नाही."

दिनकरभाऊ पाच-सहा पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. शेलारबाईंनीही ऐकलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर लोगोवर नेली. मला वाटलं आता दिनकरभाऊ उसळणार. ते पुढे आले, मॅडमना नमस्कार केला आणि म्हणाले, "आत्ता दुरुस्त करून देतो."

पाहुण्यांचा चहा होईपर्यंत, पाऊण तासात, त्यांनी ते केलं. पुस्तक उघडलं नाही, मला विचारलं नाही. उभं कडं, युरेनस, खाली हर्षल. मग शेजारचं वरुण पुसून नेपच्यून. मोठे साहेब चहाचा कप घेऊन बघत राहिले. "यांना येतं की सगळं," ते म्हणाले. "हर्षलसुद्धा माहितीय. शोधणाऱ्याचं आडनाव आहे ते, आपल्या लोकांनी मराठी करून टाकलं."

बोलायची ही दुसरी संधी होती. मी बिस्किट खाल्लं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "पुढच्या शाळांना दुसरा पेंटर बघा. दरवेळी असं नको."

"हो मॅडम," मी म्हणालो.

पुढच्या सगळ्या भिंती दिनकरभाऊच करणार असं मी आधी त्यांना कबूल केलं होतं. आता त्यांना फोन करून म्हणालो, सध्या काम थांबलंय. ते म्हणाले, "बरं." एवढंच. मी तळेगावचे दोन पेंटर लावले. मनाची समजूत घातली की म्हाताऱ्या माणसाला कशाला शिड्या चढायला लावायच्या. मनाची समजूत घालण्यात मी पाटी रंगवण्यापेक्षा तरबेज आहे.

त्या दिवसांत मी तो युरेनस वाचून काढला. अपराधी माणूस अभ्यास फार करतो. सूर्यापासून सातवा. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला आपली चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. आडवा असल्यामुळे त्याच्या ध्रुवावर सलग बेचाळीस वर्षं उजेड आणि मग बेचाळीस वर्षं अंधार. हवेत मिथेन वायू आहे, म्हणून तो निळसर-हिरवा दिसतो. माझ्या आर्टवर्कमध्ये तो भडक निळा होता. दिनकरभाऊंनी भिंतीवर मात्र मोरचुदात दूध ओतल्यासारखा फिका केला होता. तेही त्यांचंच बरोबर.

मग दिवाळीच्या आसपास कामशेतला चहा प्यायला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर दोघे देवळाच्या रंगकामाबद्दल बोलत होते.

"टाकव्याच्या दिनकरला दिऊ की."

"नगं बाबा. त्याला आता नीट दिसत न्हाई म्हनं. साळंत सगळं चुकीचं रंगवलतं. कंपनीच्या मॅडमनी काडून टाकला त्याला."

"व्हय? हात लय चांगला व्हता गड्याचा."

होता म्हणे! माणूस धडधाकट, हात तसाच आणि माझ्या एका थापेने त्याचा हात 'होता' झाला. पेंटरकडे असतं काय? हात आणि नाव. मी त्या दोघांकडे वळून 'अहो, चूक माझी होती' एवढं म्हणायला हवं होतं. मी चहा संपवला आणि गाडीत बसलो. स्टीअरिंग धरून बसलो तेव्हा मला माझी किळस आली. लाज नाही, सरळ किळस. गाडी लोणावळ्याकडे न वळवता टाकव्याला घातली.

दिनकरभाऊ खळ्यावर भात झोडत होते. मला बघून त्यांनी पेंढी बाजूला ठेवली. वहिनींनी तांब्याभर पाणी आणून दिलं, पण नेहमीसारखं 'कसं काय शेठ' म्हणाल्या नाहीत. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"दिनकरभाऊ, मला माफ करा," मी म्हणालो. "त्या दिवशी मी खोटं बोललो."

ते पाठ सरळ करत म्हणाले, "मला म्हाईत हाय. मी तितंच व्हतो."

"माझी चूक मी तुमच्यावर ढकलली."

"मंग माफी माज्यापाशी कशाला मागताय? माज्याशी तुमी खोटं बोलला न्हाई. ज्यांच्याशी बोलला त्यांना सांगा."

"सांगतो. जाऊन भेटतो मॅडमना."

"फोन न्हाई का तुमच्याकडं?"

फोन खिशातच होता. मी नंबर लावला. वहिनी म्हणाल्या, "आवाज मोटा करा, आमालाबी ऐकू द्या." केला. मॅडमनी उचलला. खळ्यावर उभं राहून, त्या दोघांच्या समोर, मी सगळं सांगितलं. आर्टवर्क माझं, नावं मी तपासली नाहीत, दिनकरभाऊंनी आदल्या दिवशी बरोबर काढलेलं मी पुसायला लावलं आणि तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांचं नाव घेतलं. शाळेतल्या पोरासारखी एकेक चूक कबूल केली. वयाच्या पन्नाशीत, बोर्डवाला माणूस.

मॅडम म्हणाल्या, "ते आहेत का तिथे? द्या त्यांना."

दिनकरभाऊंनी हात धोतराला पुसले आणि फोन घेतला.

"काका, मलाही माफ करा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "राहिलेल्या शाळा कराल का?"

"करतो की, मॅडम. काम कशाला सोडू?" ते माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले. "पन ह्यांच्या हाताखाली न्हाई."

फोन माझा होता. तो त्यांनी मला परत दिला आणि पेंढी उचलली.

आता त्या भिंती दिनकरभाऊ थेट कंपनीसाठी करतात. चित्र आधी ते आणि शाळेच्या बाई मिळून बघतात, मग मॅडम. कामशेतच्या त्या बाकावर जाऊन मी ज्याला-त्याला खरी हकिगत सांगितली, पण अफवेला पाय असतात आणि खुलाशाला काठी लागते. देवळाचं काम दुसऱ्याला गेलं ते गेलंच.

धंद्यातल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. अप्रूव्हल म्हणजे कुणीतरी 'हो' म्हणाल्याचा कागद. बरोबर असल्याचा दाखला नव्हे. आणि चूक निघाली की पहिल्याच वाक्यात आपलं नाव घ्यावं. ती चूक दुरुस्त करायला दिनकरभाऊंना पाऊण तास लागला. मला पाच महिने लागले आणि तरी ती पुरती दुरुस्त झाली नाही.