येशूबाळ आधी आत्याकडे येणार

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही. यंदाच्या नाताळात आतलं काहीतरी उसवलं, एवढंच.

बदलापूरला, शिरगावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये यंदा पहिल्यांदा येशूजन्माचा गोठा मांडला. इतकी वर्षं मी टाळत होतो; जागा नाही म्हणायचो. पण मुलगी आता पाच वर्षांची झाली, हट्टाला पेटली. तिनं आणि तिच्या आईनं मिळून गोठ्यापुढच्या गवतासाठी एका ट्रेमध्ये माती भरली, गहू पेरले. एका सकाळी तिनं मला ओढतच नेलं. फरशीवर पालथी पडून, गाल टेकवून ती त्या कोवळ्या पात्यांकडे बघत होती. मीही तसाच पडलो. हिरवी, सुईसारखी पाती, टोकाटोकावर पाण्याचा थेंब. ती कुजबुजली, "पप्पा, हळू. ती आत्ताच उठलीत."

आणि मीही खरंच हळू श्वास घ्यायला लागलो हो. चाळिशी ओलांडलेला माणूस मी — किती वर्षांनी असं काही वाटलं होतं! पण पुढच्याच क्षणी उठलो, बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडला. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

कारण असं बघायला मला एकेकाळी कोणीतरी शिकवलं होतं. माझ्या बहिणीनं, करुणाताईनं.

लोक तिला मतिमंद म्हणायचे. माझ्याहून मोठी, पण मी दाढी करायला लागलो तरी ती लहानच राहिली. तेव्हा आम्ही अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या चाळीत राहायचो. गोठा तीच मांडायची. दिवाळी संपली की शेजारच्या पोरांकडून किल्ल्यावरचे मावळे मागून आणायची, त्यांच्या तलवारी फडक्यात गुंडाळायची — झाले मेंढपाळ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यापाशी बसून मला हाक मारायची, "बाबू, ये लवकर, तो यायच्या आत." मी धावत जायचो. येशूबाळ आधी आमच्याच घरी येतो असं मला खरंच वाटायचं. तिच्यामुळे वाटायचं.

मग मी मोठा झालो आणि मला तिची लाज वाटायला लागली. तिच्या गळणाऱ्या लाळेची, चारचौघांत मोठ्यानं हसण्याची. हे लिहितानासुद्धा — असो.

माझ्या लग्नाचं बघत होते. मुलीकडची माणसं नाताळच्या दुपारी येतो म्हणाली, सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. मला धास्ती, की ताईला बघून नकार देतील. मी आईला म्हटलं, तिला दिवसभर उल्हासनगरला आत्याकडे ठेवू या. आई म्हणाली, "सणाच्या दिवशी पोरीला घराबाहेर काढायचं?" मी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. वडील गेल्यापासून घरात माझंच चालायचं. आईनं ताईची पिशवी भरली.

पण ताई जाईना. गोठा सोडून कशी जाईल ती? तेव्हा मी — हेच सांगायचंय मला, याच्याभोवतीच मघापासून घुटमळतोय — मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि म्हणालो, "ताई, यंदा येशूबाळ आधी आत्याकडे येणार आहे. त्याला घरात घ्यायला कोणीतरी नको का?"

तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी पाहिला, आणि तरी तिला रिक्षात बसवलं.

आत्यानं नंतर सांगितलं, ती दिवसभर दारातच बसून होती. जेवायलाही आत आली नाही. तेवढ्यात तो येऊन गेला तर? जिन्यावर जीन्सच्या कारखान्यातला एखादा कारागीर दिसला तरी उठून उभी राहायची. इकडे आमच्याकडे करंज्या, केक, हसणंखिदळणं. लग्न जुळलं. संध्याकाळी तिला आणायला गेलो. रिक्षात बसल्यावरही ती मागे वळून आत्याच्या जिन्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबू, तो आला नाही. माझं काही चुकलं का रे?"

तेव्हा सांगता आलं असतं ना? मी म्हटलं, रस्ता चुकला असेल.

पुढे मुलीकडच्यांना ताईबद्दल भीत भीत सांगितलं. कोणाचीच हरकत नव्हती. कोणाचीच.

पुढच्या नाताळात ताई आपणहूनच पिशवी भरून तयार. मला बाजूला घेऊन म्हणाली, मी असले की तो येत नाही. मी आत्याकडे जाते, म्हणजे तुमच्याकडे तरी येईल. गोठ्याला तिनं पुन्हा हात लावला नाही. बायको दर वर्षी विचारायची, ताई सणाला घरी का थांबत नाहीत? मी सांगायचो, तिला आत्याचा फार लळा. आणि दर वर्षी ताई जात राहिली. मी जाऊ दिलं. का? सोयीचं होतं म्हणून? की बोललो असतो तर मी कोण आहे ते तिला कळलं असतं म्हणून? दोन्ही.

आमची मुलगी व्हायच्या आधीच ताईला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांतल्या एका दुपारी तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "मी नसताना तुमच्याकडे आला होता ना तो?"

मी हो म्हणालो. दर वर्षी येतो, म्हणालो.

ती हसली. "मग बरं झालं, मी जात होते ते."

तिचा हात माझ्या हातात होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरीही मी तिला खरं सांगितलं नाही.