दाऱ्याच्या घळीत आक्काला पाणी दाखवायला

गेलो श्रावणात आणि लिहायला बसलो आज, गणपतींचं विसर्जन होऊन गेल्यावर. उशिराबद्दल माफी असावी. जेजुरीचं लिहिलं होतं तेव्हा काही जणांनी विचारलं होतं, पुढं कुठं जाताय? त्यांना काहीच कळवता आलं नाही. घरात एक काम निघालं होतं, ते ओघात येईलच. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरांच्या मागं फिरत तुटक-तुटक झालेली. मुलाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका बोटानं लिहितोय, तेव्हा चुका पोटात घाला.

आधी आक्काबद्दल सांगतो, कारण ही सहल तिच्यासाठीच निघाली. आक्का माझी थोरली बहीण. तिचे मालक गेल्यापासून ती आमच्याकडेच, बेल्ह्याला असते. तिचा डावा डोळा तरुणपणीच बाभळीच्या काट्यानं गेला. उजव्यात आता मोतीबिंदू पिकला. नारायणगावचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, जास्त थांबलात तर अवघड होईल. आक्का काही ऐकेना. म्हणायची, "एक गेला. दुसरा कापायला दिला आन् त्योबी गेला, तर? हाय त्यात भागवीन मी." दोन वर्षं हेच चाललं होतं. तिला चहाचा कप चाचपडत शोधताना बघून मला झोप लागायची नाही. आणि ऑपरेशन करून काही वाईट झालं तर, या विचारानंही लागायची नाही.

यंदा आषाढात मी पुन्हा विषय काढला, तेव्हा ती एकदम म्हणाली, "सदा, आधी मला दाऱ्याची घळ दाखव. पाण्यानं भरल्याली. मंग बघू डाक्टरचं."

जुन्नरच्या पश्चिमेला आंबोली गाव आहे (कोकणातली आंबोली वेगळी). त्या गावाच्या वर डोंगर फाटल्यासारखी ही घळ आहे. दोन्ही बाजूंना काळे कडे, मधून दाऱ्या घाट कोकणात उतरतो. आमच्या लहानपणी दिवाळी झाली की आमचा मेंढरांचा वाडा, म्हणजे माणसं-जनावरं सगळा तांडा, याच वाटेनं खाली जायचा. बिऱ्हाड घोड्यावर, मेंढरं पुढं, आम्ही मागं. आणि आक्काचा जन्मच त्या घळीतला. आईला उतरता उतरता कळा लागल्या, सगळा वाडा थांबला आणि वरच्या अंगाच्या एका कपारीत आक्का जन्मली. पुढं दरवर्षी तिथं आई कपारीला भंडारा लावायची, चुळकाभर मेंढीचं दूध सांडायची, मगच पुढं निघायची.

पण आम्ही मेंढरंवाले. पावसाळ्यात तिकडं मेंढरू जगत नाही, खूर सडतात. म्हणून पाऊस पडायच्या आत आम्ही परत देशावर. सगळं आयुष्य ती घळ आम्ही कोरडीच पाहिली. तिथं मोठा धबधबा पडतो हे मला आळेफाट्याच्या टायरच्या दुकानात काम करताना पुण्याच्या पोरांकडून कळलं. मी त्यांना खोट्यात काढलं होतं. म्हटलं, मी झोपलोय त्या दगडावर, तिथं पाणी-बिणी काही नाही!

निघायचं ठरल्यावर माझी काळजी सुरू झाली. रस्त्यात दरड आली तर? आक्का घसरली तर? बिबट्या? दोरी घेतली, बॅटरी घेतली, जळवा असतात असं कुणी तरी सांगितलं म्हणून मिठाची पुडी घेतली (एकही जळू भेटली नाही). आमची कारभारीण भागू पिशवी उचलून म्हणाली, "अवो, घळीत जायाचंय का लढाईला?"

उजाडायच्या आत निघालो. गाडी बबनची. तो आळेफाट्याचा, टायरच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, जीप भाड्यानं चालवतो. फाट्यावर मिसळ खाल्ली. इथंच पोटभर खाऊन घ्या, जुन्नर सोडल्यावर धड हॉटेल नाही. नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता, त्यात बराच वेळ गेला. जुन्नरला शिवनेरी ढगात होता, नुसता पायथा दिसला. स्टँडवरून आंबोलीला एसटी आहे, पण फेऱ्या थोड्या. परतीची गाडी कंडक्टरला विचारल्याशिवाय चढू नका. जीप करणार असाल तर भाडं जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याचे पैसे वेगळे मागत नाहीत ना तेही विचारा. बबननं मागितले नाहीत, पण तो घरचा.

आपटाळ्याच्या पुढं दुनियाच बदलली. आमच्या बेल्ह्याकडं श्रावणातही ढेकळं दिसतात, इथं खाचरातून खाचरात पाणी उतरत होतं. रस्ता अरुंद, खड्डे पाण्याखाली लपलेले. मी प्रत्येक वळणावर "बबन, हळू" म्हणत होतो.

शेवटी तो म्हणाला, "तात्या, आता यापेक्षा हळू घ्यायची तर गाडी ढकलावी लागंल."

आक्का घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, "भात फुटव्याला आलंय. वास येतोय."

आंबोलीत गाडी लावली. पुढं पायी. आता वाट दाखवायला गावातला माणूस घ्यावा, असं बबन म्हणत होता. मी म्हटलं, कशाला? ही वाट मी डोळे मिटून चालेन. ओढ्याच्या चपट्या दगडांवरून सरळ वर जायचं, उंबराशी उजवीकडं वळायचं, की घळीचं तोंड. लहानपणापासूनची पायाखालची वाट.

तिथंच माझं चुकलं. मेंढरांची वाट म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र. मार्गशीर्षात ती वाट असते, श्रावणात तो ओढा असतो. हे मला पाण्यात उतरेपर्यंत सुचलं नाही! चपटे दगड कुठं दिसेनात, उंबर हिरव्या गचपणात हरवला, पाणी गुडघ्याला लागलं आणि मी तरी आक्काचा हात धरून "आलंच, आलंच" म्हणत पुढं. मागून भागू ओरडतेय, "अवो फिरा माघारी!"

तेवढ्यात वरच्या खाचरातून एका बाईची हाक आली. डोक्यावर इरलं, साडीचा काचा मारलेला.

"ओ पावणं! कुटं निगालाय? ती काय मेंढरांची वाट हाय व्हय?"

"हां, मेंढरांचीच!" मी ओरडलो.

ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "मंग मेंढरं कुटायत?"

बबन पाण्यात उभा राहून इतका हसला की त्याची एक चप्पल वाहून गेली. आक्काही हसायला लागली. हसताना तिचा तोल जाईल म्हणून माझा जीव वर-खाली, आणि ती म्हणते, "सांग की रं, मेंढरं पंचवीस वर्सामागं इकली म्हनून!"

बाईचं नाव पारूबाई. तिनं बांधावरून फिरवून खऱ्या वाटेला लावलं आणि आक्काचा हात माझ्याकडून काढून स्वतःच्या हातात घेतला. "तुमी म्होरं व्हा. तुमीच जास्त थरथरताय."

पावसाळी वाट वरच्या अंगानं, कारवीच्या झुडपांतून जाते. ओळखायची खूण म्हणजे वाट सतत पाण्याच्या वर राहते, पाण्यात उतरत नाही. दगडांवर शेवाळ आहे, स्लीपर घालून जाऊ नका. चढ फार नाही, आक्कासारखी बाई बसत-उठत गेली.

घळीचं तोंड आलं आणि बोलणं बंद झालं, कारण ऐकूच येईना. दोन्ही कडे वर ढगात गेलेले. मध्ये आभाळाची चिंधी. आणि तिथून पाणी. मी ज्या दगडाला कोरडा म्हणून त्या पुण्याच्या पोरांशी भांडलो होतो, त्याच्यावरून पांढरं पाणी कोसळत होतं. कोकणातून वारा आला की ते मध्येच थांबायचं, तुटायचं, फिरून आमच्या तोंडावर यायचं. माझा चष्मा, टोपी, पिशवी, सगळं भिजलं. मी, सारखा आकाशाकडं बघून घाबरणारा माणूस, तोंड वर करून उभा होतो. बबन शिट्ट्या मारत होता. भागूनं डोक्यावरचा पदर वाऱ्यावर सोडून दिला होता.

मी आक्काच्या जन्माची कपार शोधायला लागलो. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. नाही. म्हातारीला एवढ्या लांब आणून जागाच सापडली नाही तर ती काय म्हणेल? पारूबाईला विचारलं, इथं एक कपार होती, माणूस वाकून आत जाईल एवढी.

"हाय की," ती धबधब्याकडं बोट करून म्हणाली. "त्येच्या मागं. पानी आटल्यावर दिसती."

मी आक्काच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आक्का, तुझी जागा पाण्याच्या मागं हाय! वरनं धबधबा पडतोय!"

आक्का असं हसली की बोळकं दिसलं. "बघ! आन् तुमी समदी म्हनायचा मला, दगडात जल्मली म्हनून कोरडी. मी पान्यात जल्मली!"

मी विचारलं, "दिसतंय का?"

"पांढरं दिसतंय," ती म्हणाली. "पर पांढरं तर मला घरीबी दिसतं."

मग तिनं बबनला हाक मारली. "ए बबन, सांग बरं कसं पडतंय पानी?"

"लई भारी, आक्का!"

"भारी म्हंजी? एका धारंनं पडतंय, का पायरी-पायरीनं?"

"पायरीनं. तीन टप्पे हायेत."

"तीन कुठं? दोनच," भागू म्हणाली.

मी चष्मा पुसून पाहिलं, मला वरपासून खालपर्यंत एकच धार दिसली. तसं म्हटलं. तिघंही हट्टाला पेटलो. भागू म्हणाली, तुमचा चष्मा बदला. बबन बोटं मोजून दाखवायला लागला. वारा आला, पाणी वळलं, तर सगळ्यांचीच मोजणी चुकली. पारूबाईला विचारलं तर ती म्हणाली, "पाऊस किती त्येच्यावर हाय राव. आमी काय मोजतो का?"

आक्का एका हातानं खोळ सावरत सगळ्यांची तोंडं ऐकत होती. मग म्हणाली, "एकाचाबी मेळ न्हाई. धडधाकट डोळ्यांची माणसं तुमी! माझं मलाच बघाया पायजे."

एवढंच म्हणाली. मी काही विचारलं नाही, विचारलं तर बदलेल या भीतीनं.

पारूबाईच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, कुर्डूची भाजी, खेकड्यांचा रस्सा. अशी घरगुती जेवणं गावात मिळतात, फक्त वर जाताना सांगून जा, म्हणजे खेकडे धरून ठेवतात. द्याल ते पैसे घेतात, पण आपण हात आखडू नये. निघताना पारूबाई आक्काला म्हणाली, "तुमी हितल्या जल्माच्या, म्हंजी आमच्या गावच्या लेकी. पुन्ना या." आणि तिची ओटी भरली, मूठभर तांदळानं. आक्काची ओटी किती वर्षांनी कुणी भरली! मी गाडी बघून येतो असं बबनला सांगून बाहेर आलो.

परतीला नारायणगाव जवळ आलं तशी आक्का म्हणाली, "सदा, डाक्टरचा दवाखाना ह्याच रस्त्याला ना? थांबीव गाडी."

"आज? भिजल्याली हायेस तू."

"डोळा भिजला न्हाई."

तर हे ते काम. गणपती घरात असतानाच ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसून होतो. दोन वर्षं मीच मागं लागलो होतो, आणि आता उठून आत जाऊन "राहू द्या" म्हणावंसं वाटत होतं. भागूनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आक्कानं डोळ्याची उघडझाप केली, डॉक्टरांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "सदा, तुझ्या शर्टाचं वरचं बटन तुटलंय. भागूला सांगाया काय झालं व्हतं?"

भागू रडत म्हणाली, "आक्का, लावते हो, लावते."

घरी आल्यावर आक्कानं मोबाईलवरचा घळीचा फोटो मागितला. बघितला, उलटा-सुलटा केला. त्यात धुक्याशिवाय काही नाही. "किती टप्पे ह्यात?" म्हणाली आणि परत दिला. आता तिला तिथं जायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय, महिनाभर डोळ्याला पाणी नको, गाडीचे हादरे नकोत. म्हणजे दसरा येतो. आणि मला खरंच माहीत नाही, दसऱ्याला तिथं पाणी असतं की नाही. आम्ही दिवाळीनंतरचे, आमच्यावेळी सगळं वाळलेलं असायचं. मध्ये कधी आटतं, ते कुणी सांगितलंच नाही.

म्हणून हे लिहिलं. जुन्नरकडं जाणारे बरेच जण हे वाचतात. नवरात्रात कुणी आंबोलीला गेलात, तर घळीत पाणी पडतंय का, किती पडतंय, तेवढं लगेच इथं खाली लिहा. पाणी कमी होत चाललं असेल तर तसं लिहा, मी डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी निघतो. टप्पे किती ते मात्र लिहू नका. आक्काला ते स्वतः मोजायचेत. रोज संध्याकाळी दुकानात येऊन विचारते, कुणाचं आलं का? लवकर कळवा.