विगार म्हणजे बदली

आमच्या सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती घरांत गावच्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूला विगार म्हणतात. पाद्री कुणीही असेल, पण गावाचा तो विगार. मुंबईत मरोळला राहायला आल्यावर हा शब्द मला कुठे ऐकू आला नाही. इथे सगळे फादरच.

मी घरातला पहिला पदवीधर. विगारांनी आईला बोलावून ‘ह्याची शाळा सोडवू नकोस’ असं बजावलं नसतं तर झालोही नसतो. त्या उपकारापोटीच कॉलेजच्या ग्रंथालयात मी तो शब्द शोधला. पाद्री पोर्तुगीजांकडून आला, अर्थ बाप. विगारही त्याच वाटेने आला, पण त्याचं मूळ लॅटिन, आणि अर्थ निघाला दुसऱ्याच्या जागी काम करणारा. सुट्टीत गावी गेल्यावर आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. वडील मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. कुणी कायम कामगार गैरहजर राहिला, तरच त्यांना काम मिळे. आई खो खो हसली.

“म्हणजे तुझ्या बापाशीसारखो! मगे तेका तरी कायम केल्यानी?”

मागच्या वर्षी ती माझ्याकडे मरोळला अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला एकच हवं होतं, कुमसार. मनातलं पाप विगाराच्या कानात सांगून मोकळं व्हायचं.

चर्चच्या ऑफिसात फोन केला. घाईत घरचाच शब्द तोंडातून गेला, “विगार पाहिजेत, लगेच.”

“बिगारी? नाक्यावर बघा ना, इथे कुठे मिळणार!”

मग फादर म्हणालो. मोठे फादर परदेशी गेले होते. त्यांच्या जागी आलेले चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर येतील, पण त्यांना मराठी येत नाही, असं कळलं.

आईला तसं सांगितलं.

“मगे मी सांगू कसा?”

“देवाक कळतला, माय.”

“देवाक म्हायतच आसा रे. माका माणसाक सांगूचा आसा.”

“माका सांग.”

“तुका? तुकाच तर सांगूचा नाय.”

संध्याकाळी फादर आले. तरुण, दमलेले, पण फार मायाळू. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. दाराआडून आईचा पुटपुटता आवाज येत राहिला. मधे मधे त्यांचं हळू आवाजातलं “ओके, ओके.” ते गेल्यावर मी आत आलो. तिच्या कपाळावर आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल होतं.

“मोकळी झालंस?”

“तेणा आयकल्यान नाय रे. नुस्तो मान हलयत होतो.”

मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती थोडे दिवस होती. मोठे फादर परतले नाहीत, आणि तिने पुन्हा विगार मागितला नाही.