चौथं बोट

आमच्या गल्लीत पियानो कोण शिकलंय हे ओळखायला माणसाला पियानोपाशी बसवावं लागत नाही. त्याच्या हातात चहाचा कप द्या. करंगळीशेजारचं बोट अँटेनासारखं वर गेलं, की समजायचं, हा शेजारच्या बाईंचा विद्यार्थी. पोस्टातला कारकून शिक्का मारतो तो बोट वर ठेवून. बेकरीवाला पीठ मळतो तेही चार बोटांनी. नवीन दंतवैद्य बिचारा मला हळूच विचारत होता, "इथल्या पाण्यात काही आहे का हो?"

पाण्यात काही नाही. जे काय होतं ते बाईंच्या आजोबांच्या हातात होतं, किंवा नव्हतं म्हणा.

आजोबा मूळचे सुतार. लोकांचे पियानो दुरुस्त करता करता वाजवायला शिकले. मग एकदा करवतीनं त्यांच्या उजव्या हाताचं ते बोट अर्धं नेलं. सुतारकी सुटली, शिकवण्या सुरू झाल्या. उरलेला खुंट वाजवताना ताठ वर राहायचा. त्यांच्या मुलानं, म्हणजे बाईंच्या वडिलांनी, आमच्या मास्तरांनी, बापाचा हात बघून बघून वाजवायला घेतलं आणि धडधाकट बोट वर धरलं. आजोबांनी तिथंच टोकायचं ना! पण त्यांना भरून आलं, पोरगं अगदी आपल्यावर गेलंय म्हणून. मास्तरांनी तीच सवय बाईंना लावली आणि बाईंनी गावाला.

आता मास्तर ऐंशीच्या पुढे आहेत. पियानोच्या खोलीला लागून त्यांची खोली, मध्ये नुसता पडदा. बाई शिकवायला तोंड उघडतात आणि आवाज येतो मास्तरांचा. "घाई झाली! परत!" पोरं पडद्याकडे बघतात, बाई भिंतीकडे. फार वर्षांपूर्वी बाईंना बघायला एक गृहस्थ आले होते. दिसायला बरे, नोकरी चांगली. मास्तरांनी आधी त्यांचा कान तपासला. गृहस्थ नापास झाले. पुढे कुणी परीक्षेला बसलंच नाही.

बाईंचा धाकटा भाऊ जहाजावर असतो. अधूनमधून फोन करतो आणि दर वेळी म्हणतो, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ." हे ऐकलं की बाई फोन ठेवतात आणि खिडकीच्या काचा पुसायला घेतात. त्यांच्याइतक्या लख्ख काचा गल्लीत कुणाच्या नाहीत.

तर या बाई एका दुपारी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आल्या. मोठ्या शहरातल्या संगीतशाळेत शिक्षिकेची जागा होती, राहायला खोलीसकट.

"वहिनी, मला इथून जायचंय."

मी काहीतरी चावट बोलणार होते. पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

"आणि मास्तर?"

"आत्या यायला तयार आहे. तिच्याशी बोलले मी." मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. "पण हे बोट घेऊन तिथं गेले तर हसतील लोक."

"मग घरी सराव करा की."

"घरी?" त्यांनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. "बाबांना स्वर नाही, बोट ऐकू येतं."

म्हणून सराव माझ्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाला. टेबलाला पट्ट्या नाहीत, आवाज नाही, वर मेणकापड. बाई रोज दुपारी डोळे मिटून त्यावर वाजवायच्या आणि मी समोर बसून बोटावर पहारा करायची. "गेलं वर!" मी ओरडायची. "कळलं!" त्या खेकसायच्या. आमचे हे एकदा डोकावून म्हणाले, "बाई, आमचं टेबल सुरात आहे ना?" बाई हसल्या नाहीत. बोट मात्र त्या पावसाळ्याच्या शेवटाला खाली बसलं.

मग एकदा राहवलं नाही म्हणून त्यांनी घरी, मास्तरांचा डोळा लागलाय असं बघून, एक सोपी चाल पाचही बोटांनी वाजवली. मला भिंतीतून ऐकू आली. पाठोपाठ मास्तरांचा आवाज आला.

"कोण आलंय?"

"मीच आहे, बाबा."

"खोटं बोलू नकोस. तुझा हात ओळखतो मी. कोण बसलंय तिथं?"

पडदा सरकल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "माझ्या बापाचं बोट कापायला करवत तरी लागली होती गं." त्यानंतर बाईंनी घरी परत जुन्या रीतीनंच वाजवलं.

मुलाखतीच्या दिवशी बाईंनी मास्तरांना सांगितलं, की शेजारणीचे डोळे तपासायला शहरात नेतेय. माझे डोळे ठणठणीत आहेत, पण मी चष्म्याचं रिकामं घर पर्समध्ये टाकून निघाले.

परीक्षक तिघं होते. दाराला काच होती, आणि काच असली की मी बघणारच. बाई असं वाजवत होत्या, की टेबलावर पहारा करणाऱ्या माझंही बोटाकडे लक्ष राहिलं नाही. चौथं बोट आपलं काम करत होतं, बाकीच्या चौघांसारखं. परीक्षकांतली पिकल्या केसांची बाई मान डोलवत होती. मी मनातल्या मनात आमच्या बाईंचं सामान बांधायला घेतलं.

मग त्यांनी एका लहान मुलीला आत आणलं. शिक्षिकेची जागा ना, शिकवून दाखवायचं होतं. पोरगी कधी पियानोला न शिवलेली. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं, पाठ सरळ केली, गोड बोलून हसवलं. तिचा हात हातात घेतला. इतका वेळ ताठ बसलेल्या बाई आता कुठे सैल झाल्या, कारण हे काम त्यांचं रोजचं. पोरगी चटकन शिकली. छोटीशी चाल धडपडत, पण नीट वाजवली.

आणि तिचं ते बोट वर होतं, एखाद्या मेणबत्तीसारखं.

पिकल्या केसांच्या बाईंनी दाराबाहेर ऐकू येईल इतक्या खणखणीत आवाजात विचारलं, "तुम्ही तिचं बोट का उचललंत?"

"मी?" आमच्या बाई म्हणाल्या. "मी नाही उचललं."

"आम्ही तिघांनी बघितलं. दोनदा उचललंत. ती खाली ठेवत होती."

बाईंनी त्या पोरीच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. त्यानंतर जे काय बोलणं झालं ते सभ्य होतं. सभ्य बोलणं काचेबाहेर ऐकू येत नाही, पण कळतं.

परतीच्या बसमध्ये मी तोंडाला कुलूप घातलं होतं. माझ्यासारखीला ही मोठी शिक्षा. बाई एवढंच म्हणाल्या, "माझं सुटलं, वहिनी. माझ्या शिकवण्यातून नाही सुटलं."

घरी मास्तर दारातच खुर्ची टाकून बसलेले. मला म्हणाले, "काय म्हणतायत डोळे?" मी पर्स चाचपायला लागले, तर बाई मध्येच म्हणाल्या, "डोळ्यांचं काही नव्हतं, बाबा. मी नोकरीसाठी गेले होते. इथून जायला."

मास्तर काठीवरचा हात घट्ट करून ऐकत राहिले. बाईंनी सगळं सांगितलं, टेबलापासून त्या पोरीपर्यंत. मला वाटलं, आता म्हातारा रडेल तरी किंवा गल्ली डोक्यावर घेईल तरी.

"पोरगी नवीकोरी होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि एका बैठकीत बोट वर?"

"एका बैठकीत."

मास्तरांचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता. "मला कधी जमलं नाही गं," ते म्हणाले. "माझ्या बापालाही नाही. तू आमच्या दोघांच्या पुढं गेलीस."

इतक्या वर्षांत बाईंनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं कौतुक. त्या तशाच उभ्या राहिल्या, खांद्याला पर्स, पायांत बाहेरच्या चपला. मग मास्तर उठायला लागले, तेव्हा त्यांनी सवयीनं हात पुढं केला आणि त्यांना धरून आत नेलं.