दरीचे नाव सोडून

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करते. एका शैक्षणिक सहलीसाठी वाचकांचा वेळ घेत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

वनस्पतिशास्त्राच्या आम्ही नऊ मुली आणि आमच्या बाई इतवारी स्थानकावरून छोट्या लाइनीच्या गाडीने छिंदवाड्याला निघालो. जाणाऱ्यांनी खिडकी टाळावी. इंजिनातली कोळशाची कणी डोळ्यांत जाते. विद्यार्थी सवलतीमुळे भाडे कमी पडते. जेवण घरूनच न्यावे. आम्ही दोन्ही वेळा पोळी आणि ठेचाच खाल्ला. पुढे पचमढीची बस. घाटात निम्म्या मुलींना उलट्या झाल्या, आणि मुक्कामी पोहोचल्यावर डोंगर पाहण्याचेही त्राण मला उरले नाही.

सकाळी दुखऱ्या पायांनी एका दरीत उतरलो. बाईंना तिथले एक दुर्मिळ मॉस दाखवायचे होते : पाझरत्या खडकावर शेवाळासारखे वाढणारे, बोटाच्या पेराहूनही बुटके. त्यांच्या विद्यार्थिदशेत तो सारा खडक त्याने झाकलेला असे. आता ते जेमतेम तळहाताएवढे उरले होते.

"प्रत्येकीने चिमूटभर घ्या," बाई म्हणाल्या. परीक्षेत स्वतः गोळा केलेले नमुने मांडावे लागतात; दरवर्षी प्रत्येक तुकडी तेच करत आली होती.

पाकिटे उघडली गेली. उत्तर येत असूनही मी वर्गात कधी हात वर करत नाही. तेव्हा मात्र विचारले, "बाई, आम्ही नऊ जणींनी घेतल्यावर पुढच्या मुलींना काय दाखवाल?"

इतवारीतल्या भांडेवाल्यांची कुंदा कुजबुजली, "काहून वं, तुले पहिला नंबर नको का?"

"मी चित्र काढते."

"चित्राले कोण मार्क देते?"

बाई खडकाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला चिमटा पेटीत ठेवला. "नमुन्याचे गुण जातील. चालेल?"

कुंदाच पेन्सिलीला टोक करत म्हणाली, "चालते, बाई. वर्षभर ही तोंड उघडत नाही, अन् उघडलं तर आमचे मार्क बुडवाले."

घरी येऊन पंधरवडा झाला. अंगातला शीण गेलेला नाही. परीक्षा तोंडावर आहे, आणि माझे चित्र काही चांगले उतरलेले नाही. पण तो ओला तुकडा अजून तिथे आहे, आणि दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयाची पाकिटे तिथवर पोहोचू नयेत, एवढेच वाटते. म्हणून गाडी, बस, जेवण सारे सांगितले; दरीचे नाव लिहिले नाही. संपादकांनीही ते विचारू नये.

प्रतापनगरच्या टपालपेटीत टाकले : शुक्रवार, १७ फेब्रुवारी १९७८, सायंकाळी सव्वापाच.