रुंद केलेला पाट

पाण्यात भोवरा दिसला की मला ओल्या चिखलाचा वास येतो. आष्ट्याला, गावी, सुट्टीत गेलो होतो, तेव्हा उसाला पाणी लवकर पोचावं म्हणून मी आबांना, म्हणजे वडिलांना, न विचारता पाट मध्येच रुंद केला. तिथं पाणी मंदावलं, पुढचा दाब वाढला, काठालगतचं पाणी उलटं फिरून भोवरे करत काठ पोखरू लागलं आणि पाट फुटला. “लय शिकलास लेका, पर पाण्याला इचारलं न्हाईस,” म्हणत त्यांनी दोन्ही काठांना चिखल लावून पाट निमुळता केला. पाणी शांत होऊन सरळ धावलं. आज परदेशातल्या प्रयोगशाळेत, रुंद होत जाणाऱ्या काचेच्या नळीत पाण्यात सोडलेला लाल रंग भिंतीलगत तसाच उलटा फिरला. “आबा, हे बघा की!” म्हणत मी मागं वळलो. मागं माझीच रिकामी खुर्ची होती.